कणसूर दिवस

समोरच्या बिऱ्हाडातला पाच वर्षांचा मुलगा एकदा आमच्या दारात उभा राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग घरी जाऊन त्याने आईला बातमी दिली, "आजोबा मांडीवर इस्त्री करतायत, पण कपडाच नाहीये." वर्णन इतकं बिनचूक होतं की ते दुरुस्त करायच्या भानगडीत मी पडलो नाही. स्टील गिटार वाजवणारा माणूस असाच दिसतो. गिटार आडवी मांडीवर घ्यायची, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार धरायचा आणि तो तारांवरून पुढेमागे फिरवत राहायचं. भिवंडीसारख्या कापडाच्या गावात याला इस्त्री म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की इस्त्रीने चुण्या जातात आणि माझ्या हातून त्या पडतात.

साध्या गिटारीला पडदे असतात, हिला नुसत्या रेघा. साध्या गिटारीवर बोट पडद्याच्या मागे जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर पडद्याचाच लागतो. बोटाच्या आळसावर पडदा पडतो, म्हणूनच बहुधा त्याला पडदा म्हणत असावेत. स्टील गिटारीवर तार फळीला टेकतच नाही. बार जिथे, सूर तिथे. बार बरोबर रेघेच्या डोक्यावर हवा. केसभर अलीकडे राहिला तर सूर उतरतो, पलीकडे गेला तर चढतो. त्यात मी रेघ बघतो वरून, तिरकी. दिसते ती रेघ आणि असते ती रेघ यांत चष्म्याच्या नंबराएवढं अंतर पडतं. मागे चष्मा बदलला तेव्हा पंधरा दिवस मी सगळं चढं वाजवत होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना ही तक्रार सांगितली, तर त्यांनी मला कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

या वाद्याचा नाद लागला तो रेडिओमुळे. आमच्या पिढीला 'हवाइयन गिटार' हे नाव चांगलं ठाऊक आहे. दोन कार्यक्रमांच्या मधे मिनिट-दोन मिनिटं उरली की आकाशवाणीवर सिनेमातल्या गाण्याची धून लागायची आणि पुष्कळदा ती या गिटारीवरची असायची. व्हॅन शिपले, सुनील गांगुली ही नावं तेव्हा रेकॉर्डींच्या पाकिटांवर दिसत. पण रेडिओवरची धून शेवटपर्यंत कधी जायचीच नाही. दुसरा अंतरा सुरू व्हायचा आणि बातम्यांची वेळ व्हायची. काही गाणी मी आजही तिथवरच वाजवतो. पुढे सूर माहीत आहेत, पण त्या जागेवर आलं की हात आपोआप थांबतो आणि बातम्यांची वाट बघतो.

पोटापाण्यासाठी मी एका सूत-व्यापाऱ्याच्या पेढीवर चौतीस वर्षं हिशेब लिहिले. गिटार रात्रीची आणि शुक्रवारची. शुक्रवारची अशासाठी, की आमच्या आळीमागचे माग त्या दिवशी बंद असतात. एरवी साधा माग मिनिटाला शे-सव्वाशे वेळा धोटा फेकतो, आणि असे चाळीस माग एका पत्र्याखाली. प्रत्येकाची लय दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळी. ऐकत बसलं की वाटतं सगळे एकदम समेवर येणार, आले, आले, आणि पुन्हा पांगतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हा गोंगाट वाटतो. आम्हाला तो वाटत नाही, आम्हाला तो ऐकूच येत नाही. फक्त वीज गेली की सगळं गाव एकदम दचकून जागं होतं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा असा, की काही दिवस कणसूर उगवतात.

बेसूर वेगळं. बेसूर माणसाला आपण बेसूर आहोत हे कळत नाही, त्यामुळे तो सुखी असतो. कणसूर म्हणजे सुराच्या दारापर्यंत जाऊन उंबऱ्यावर ठेच लागणं. सकाळी चहा होतो, गिटार मांडीवर येते, पहिली तार छेडतो आणि समजतं, आज नाही. तार लावलेली असते, हात तोच असतो, बार तोच असतो, काल रात्री याच खुर्चीत पिलू बरा वाजलेला असतो. आणि आज षड्ज लावला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या घरी लागल्यासारखा वाटतो.

हिशेबाच्या माणसाला फरक दिसला की तो शोधल्याशिवाय झोप येत नाही. दोन पैशांचा फरक असला तरी रात्र घालवायची आणि शोधायचा. मी पहिल्यांदा शोधला तो गंधारात. माझी गिटार खर्जाकडून अशी लावलेली असते: सा, प, सा, ग, प, सा, षड्ज पांढरी दोनचा. यातली ग ची तार, म्हणजे वरून तिसरी, ही घरातली नाठाळ सून. सगळ्यांशी जुळवून घेते आणि कुणाशीच पटत नाही. मोबाइलवर सूर मोजणारं ॲप असतं, त्यात काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागतो. गंधाराला हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळायची आणि मग सगळ्या तारा एकदम छेडायच्या, तर ग टोचतो. कानाला गोड लागेपर्यंत उतरवायचा, तर ॲप लाल होतं.

बरीच वर्षं मी ॲपचं ऐकलं, कारण ते यंत्र आहे आणि मी कारकून. मग कळलं की दोघंही खरं बोलतात. ॲपचा गंधार हा पियानोचा, बारा सारख्या भागांत वाटणी केलेला. एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर हा गंधार षड्जापासून चारशे सेंटांवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तो असतो तीनशे शहाऐंशीवर. चौदा सेंटांचा फरक. आमच्या पेढीच्या भाषेत सांगायचं तर एकाने वाटणी सारखी केली आणि दुसऱ्याने न्याय्य केली, आणि दोघांच्या वह्या जुळत नाहीत.

या चौदा सेंटांपायी महाराष्ट्रात बरंच काही झालं आहे. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर श्रुती मोजायला बसले, सोबतीला साक्षात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता, आणि १९१० साली बावीस श्रुतींवर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. क्लेमेंट्स नावाचे गोरे आयसीएस अधिकारीही या नादाला लागले आणि श्रुतींची पेटी बनवण्यापर्यंत मजल गेली. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. तिच्यावरचे आरोप दोन: तिचे स्वर सारख्या वाटणीचे आणि तिच्यातून मींड निघत नाही. स्टील गिटारीवर हे दोन्ही आरोप करता येत नाहीत. तिच्यातून कुठलीही श्रुती निघते आणि मींड तर अशी निघते की थांबवता येत नाही. बावीस श्रुतींची सोय असलेल्या या वाद्यावर माझ्या हातून तेविसावी निघते, ती माझी.

देवल कलेक्टर कचेरीतले, मी पेढीवरचा. हिशेबी माणसं या वाटेला का लागतात कळत नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव, तोही श्रीकरणाधिपती, म्हणजे राज्याचा मुख्य हिशेबनीसच. त्याच्या ग्रंथात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. तारेवर बोट दाबायचं नाही, 'कम्रिका' नावाची बांबूची कांब फिरवायची. म्हणजे इस्त्री आपल्याकडे तेव्हाही होतीच, फक्त लाकडी. उत्तरेत विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरतो, दक्षिणेत गोट्टुवाद्यम. तिकडे हवाई बेटांवर, १८८० च्या दशकाच्या शेवटी, जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाला आगगाडीच्या रुळावर एक बोल्ट सापडला, त्याने तो गिटारीच्या तारेवर घासून पाहिला आणि स्टील गिटार जन्माला आली, असं सांगतात. पण त्याच बेटांवरच्या जुन्या माणसांनी दुसरंही एक नाव सांगून ठेवलं आहे. गेब्रियल डेव्हियन. हा जन्माने हिंदुस्थानी, कुणा जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला, आणि केकुकूच्या आधीच तो तारेवर असं काहीतरी सरकवून वाजवायचा म्हणे. ही गोष्ट खरी असावी असं मला फार वाटतं, आणि ते पुराव्यामुळे नाही. आपलाच एक पळवून नेलेला माणूस, घरापासून हजारो मैलांवर, तारेवर काहीतरी घासून घरचा सूर शोधतोय, आणि तो त्याला तंतोतंत मिळत नाहीये. अशा माणसाशी माझं नातं लागतं.

गंधाराचा फरक सापडला, तरी कणसूर दिवस संपले नाहीत. मग संशय विजेवर गेला.

माझी गिटार इलेक्ट्रिक. तिच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेलं वेटोळं असतं, ते तारेची थरथर पकडतं. पण ते काही फक्त तारेचं ऐकत नाही. भिंतीतली वायर, ट्यूबलाइटचा चोक, आळीच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर, मागांच्या मोटरी, सगळ्यांची गुणगुण ते गोळा करतं. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला पन्नास. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पांढरी दोनचा षड्ज धरला तर ही गुणगुण येते मध्यमात. पण शुद्ध मध्यमात नव्हे, त्याच्याहून छत्तीस-सदतीस सेंट चढी, आणि तीव्र मध्यमापासून बरीच खाली. म्हणजे मी यमन वाजवायला घेतला की मागे सगळी भिवंडी एक असा मध्यम धरून बसते जो कुठल्याच रागात नाही. यमनात तीव्र मध्यमाला हात घातला की तो मला खाली ओढतो, आणि पिलूत शुद्ध मध्यमाला गेलो की वर.

हा शोध लागला तेव्हा आनंदाने मी जवळजवळ उडी मारली. दोष माझा नव्हता, पुरवठ्याचा होता. मग आणखी वाचलं. देशाच्या वीजजाळ्याने ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राहावं असा नियम आहे. त्याचे सेंट काढले, तर अख्ख्या पट्ट्याची रुंदी पाच-सव्वापाच सेंट भरली. अख्खा देश, सगळी धरणं, सगळ्या कोळशाच्या भट्ट्या, सगळे माग, पंखे, गिरण्या आणि लोकल गाड्या एकत्र बांधून ठेवायच्या पाच सेंटांत. आणि मी एकटा, खुर्चीत बसून, समोर कुणी नसताना, पंधरा सेंटांनी हलतो. उडी परत घेतली.

त्यानंतर आळ आला तारांवर. भिवंडीच्या दमट हवेत तारा गंजतात, उन्हाळ्यात तापून उतरतात, आणि सहा तारांचा मिळून साठ-सत्तर किलोंचा ताण मानेवर असल्यामुळे एक चढवली की मान अंगुलाच्या हजाराव्या हिश्शाने वाकते आणि बाकीच्या पाच उतरतात. पाच जुळवाव्यात तर पहिली हलते. जुन्या खतावणीत हेच व्हायचं, एक नोंद सुधारली की दुसऱ्या पानावरचा ताळा बिघडायचा. नव्या तारा ऑनलाइन मागवल्या. आता भिवंडीच्या आजूबाजूला काल्हेर, दापोडे, माणकोली सगळीकडे गोदामंच गोदामं. आख्ख्या मुंबईचा माल इथे येऊन पडतो. निरोप आला, "तुमचा माल भिवंडीहून निघाला." मी हरखलो, म्हटलं अर्ध्या तासात येईल. दुसऱ्या दिवशी माल ठाण्यात, तिसऱ्या दिवशी आणखी कुठे, चौथ्या दिवशी परत भिवंडीत. चार दिवस प्रवास केलेल्या तारा लावल्यावर त्यांनाही स्थिर व्हायला चार दिवस लागले. त्यांचं काही चुकलं नाही.

कुणी म्हणेल, इतका जीव काढण्यापेक्षा सोडून द्यावं. पण मी सोडू नये असे प्रसंगही येतात. उदाहरणार्थ आमच्या आळीचा गणेशोत्सव. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे बांगलादेशच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी आधी वाद्यं लावून घेतली, ती लागल्यावर समोरच्या गोऱ्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ते लावणंच त्यांना मैफल वाटलं. आमच्या मांडवात उलटं झालं. डोक्यावर दोन मोठे हॅलोजन, त्यांच्या आंचेने तारा मिनिटामिनिटाला उतरताहेत, शेजारी कीबोर्डवाला पोरगा बटण दाबून कुठल्याही पट्टीत जातोय, आणि मी एक संपूर्ण धून, दोन अंतऱ्यांसह, बातम्या न लावता, वाजवून संपवली. पुढच्या रांगेतले एक काका आपुलकीने म्हणाले, "झालं का लावून? करा मग सुरू."

त्या रात्री मी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली. १९६७ ची एचएमव्हीची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि हे सगळं जमवून आणणारे आपले जी. एन. जोशी, तेच भावगीतांचे. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. काबरांचा बार तारेवरून जातो तेव्हा तो कुठे निघाला आणि कुठे पोचला हे कळतं, मधे कुठे शोधाशोध नाही. ऐकताना पहिली दहा मिनिटं बरं वाटतं की हे वाद्य खरंच असं वाजू शकतं. अकराव्या मिनिटाला तेच दुखायला लागतं. त्या मेंढपाळाच्या आयुष्यात एकही कणसूर दिवस नसेल का? एखादं मेंढरू हरवलं, पावसाने झोडपलं, बासरीला चीर गेली? असेलही. पण ती बाजू त्यांनी रेकॉर्ड केली नाही.

मी मात्र केली. निवृत्तीनंतर एक लाल बाडाची वही आणली आणि कणसूर दिवसांचा हिशेब ठेवायला लागलो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. तारीख, हवा, तारांचं वय, झोप किती, जेवणात काय, माग चालू की बंद. मोबाइलवर प्रत्येक दिवसाचं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण. वर्षाअखेर बेरीज केली. जमेला १९ दिवस. बाकी सगळे नावे. कारण काही हाती लागलं नाही. वांग्याची भाजी आणि गंधार यांचा संबंध एका महिन्यात सिद्ध होत होता, पुढच्या महिन्यात ती बाजारातून गेली आणि गंधार तसाच राहिला. मग ती मुद्रणं ऐकायला घेतली, आणि तिथे पंचाईत झाली. जमेतले दिवस ऐकवेनात. आणि ज्या दिवशी मी गिटार भिंतीला टेकवून धामणकर नाक्यावर चहा प्यायला निघून गेलो होतो, त्या दिवसाचा पिलू बरा निघाला. ओळखीच्या माणसाला ऐकवला, नाव न सांगता. तो म्हणाला, कोण आहे, हात चांगला आहे. त्याला सांगावं लागलं की हे खर्चाच्या बाजूचं आहे.

मग वही बंद करून ठेवली. कणसूर दिवशी बिघडतो तो हात, की सुधारतो तो कान, एवढा एक प्रश्न तिच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे.

उपाय सगळे करून पाहिले. कणसूर दिवशी नुसता षड्ज घेऊन बसायचं, अर्धा तास, बाकी कुठे जायचं नाही. हा उपाय उत्तम आहे, फक्त घरातल्यांना सहन होत नाही. दुसरा, गाणं न वाजवता तारा पुसायच्या, बार रुमालाने लखलखीत करायचा, म्हणजे निदान कामात असल्यासारखं दिसतं. तिसरा सगळ्यांत जुना: बार हलवत राहायचा. सूर नेमका कुठे आहे ठाऊक नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना थरथर करायची, ऐकणाऱ्याचा कान मधली जागा स्वतःच काढतो. संगीतात याला कंप म्हणतात, आमच्या पेढीवर याला सरासरी म्हणायचे. आणि बार चुकून खालीच पडला तर तिथून वर सरकत जायचं आणि चेहरा असा ठेवायचा की ही मींड होती. वयोमानाने हात आपोआप कापायला लागला आहे, तेव्हा कंपाचे कष्टही आता वाचतात.

गेल्या वर्षी, वर्गणीच्या निमित्ताने, मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे मागांचे जॉबर, पद्मानगरात राहणारे, घरात तेलुगू, कारखान्यात हिंदी आणि माझ्याशी मराठी. चाळीस मागांच्या गोंगाटात दारात उभं राहून "तिसऱ्या ओळीतला पाचवा बिघडणार आहे" असं ते सांगतात आणि दुपारपर्यंत तो बिघडतो. मागावरच्या सुताच्या एकेका धाग्यालाही इथे तारच म्हणतात, त्यामुळे माझ्या तक्रारी त्यांना परक्या वाटत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. चौदा सेंट, पन्नास कंपनं, वांग्याची भाजी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वाजवू नका. नुसती खुंटी फिरवा."

मी तिसऱ्या तारेची खुंटी फिरवली. ते गिटारीच्या डोक्याशी कान नेऊन बसले होते. "पुन्हा. हळू." मी पुन्हा फिरवली. खुंटी फिरली, सूर हलला नाही, मग एकदम टिक् असा बारीक आवाज आला आणि सूर उडी मारून पुढे गेला. मास्तरांनी बोट उचललं. "ऐकलं? तार खाचेत अडकते. तुम्ही सोडता, ती येत नाही. मग तुम्ही वाजवायला लागता आणि ती मधेच येते." त्यांनी खिशातून टॉर्च काढला, तारा जिथून खुंट्यांकडे वळतात त्या पट्टीच्या खाचांत उजेड टाकला आणि मला बघायला लावलं. सहाच्या सहा खाचांत पांढरी, तेलकट, घट्ट बसलेली कापसाची लव. इतकी वर्षं आळीमागून उडत आलेली. खुंट्यांच्या दातेरी चक्रांतही तीच. मास्तरांनी माझ्या बायकोकडून सुई मागितली, तारा एकेक करून सैल केल्या, खाचेतली लव सुईने टोकरून काढली आणि तळहातावर गोळा केली. चणाभर झाली. मग नातीच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली, तिचं टोक खाचांतून घासलं, शिश्याने खाचा काळ्या झाल्या. "आता सुळसुळीत. दर महिन्याला करा." फिरून खुंटी पिळली, सूर लोण्यात सुरी फिरावी तसा चढला आणि जिथे थांबवला तिथे थांबला. दोन दिवसांनीही तिथेच होता. आठवड्यानेही.

एवढ्या वर्षांनी गिटार लागली. सा प सा ग प सा, गंधार तीनशे शहाऐंशीवर, जागचा हलत नाही. आणि पुढच्या मंगळवारी सकाळी ती मांडीवर घेतली, पहिली तार छेडली आणि कळलं, आज नाही. गंधार तपासला, जागेवर. खाच बघितली, स्वच्छ. तारा नव्या, हवा कोरडी, झोप झालेली. मास्तर गिटारीबरोबर माझी सबबही दुरुस्त करून गेले होते. पूर्वी अशा वेळी अर्धा तास खुंट्या पिळण्यात जायचा, त्यात मन रमायचं, आणि वाजवायची वेळ यायच्या आत जेवायची यायची. आता मी होतो आणि ते सहा खरं बोलणारे साक्षीदार होते. मास्तर पुन्हा भेटले तेव्हा विचारलं, "कशी आहे गिटार?" मी म्हटलं, "उत्तम." त्यांच्या कानाला माझा आवाज कसा लागला कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मागाचंही असंच असतं, भाऊ. माग नीट केला की मग कारागिराचं भांडण सुरू होतं."

परवाच्या मंगळवारीही तसंच. तासभर झटापट झाली, यमनाचा गंधार काही केल्या उघडेना. मी रेटत होतो. तेवढ्यात वीज गेली. मागचे चाळीस माग एका दमात थंडावले, पंखा फिरत फिरत थांबला, आणि अँप्लिफायरमधून येणारी ती पन्नासाची गुणगुण, तो कुठल्याच रागात नसलेला मध्यम, एकदम नाहीसा झाला. अँप्लिफायर बंद, म्हणजे गिटारीचा आवाजही गेला. उरली फक्त तारांची कोरडी टिणटिण, जी वाजवणाऱ्यालाच कान वाकवून ऐकावी लागते. मी थांबलो नाही. डोळे मिटून आलाप चालू ठेवला, मंद्रातून वर आलो, गंधारावर थांबलो, निषादाला जाऊन आलो. पंधरा मिनिटं झाली असतील. वीज आली, माग धडधडले, मी बार खाली ठेवला.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "आज छान वाजवत होतात हो."

"ऐकू येत होतं?"

"नाही ना."